दोनदा हिब्रू, एकदा मराठी

शनिवारी सकाळी आमच्या घरात कुणी पेनाला हात लावत नाही. शब्बाथला लिहायचं नसतं, त्यामुळे त्या दिवशीचा धडा सगळा तोंडी. लखनौतल्या आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमधलं जेवणाचं टेबल, त्यावर आदल्या रात्रीच्या मनुकांच्या शरबताचा पुसट डाग आणि थोरल्यासमोर उघडं पुस्तक. त्याला तेरावं संपत आलं आहे. यंदा दिवाळीच्या सुमारास तो तेरा वर्षांचा होईल आणि ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा सेफेर तोरातून वाचेल. सेफेर तोरा म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली तोराची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, गुंडाळी. त्याच्या वाट्याला आलेल्या भागात पहिल्याच वाक्यात दोन शब्द असे आहेत की गुंडाळीत ते हुबेहूब सारखे दिसतात: लामेद-खाफ, लामेद-खाफ. दोन अक्षरं, पुन्हा तीच दोन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही, कारण गुंडाळीत स्वरचिन्हं लिहीतच नाहीत. पहिला शब्द वाचायचा ‘लेख’ आणि दुसरा ‘लेखा’. नुसत्या डोळ्यांना हे कळायची सोयच नाही. कुणीतरी आधी म्हणून दाखवावं लागतं आणि दुसऱ्याने ते मागून म्हणावं लागतं.

लखनौत ते म्हणून दाखवणारी मी आहे. दुसरं कुणी नाही.

आम्हाला सगळ्यात जवळचं सिनेगॉग दिल्लीत, हुमायून रोडवरचं ज्यूडा हयाम, १९५६ सालचं. इथून पाचशेएक किलोमीटर. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर मेलेल्या माणसासाठीचा कद्दीश म्हणता येत नाही, गुंडाळी उघडून सर्वांसमोर वाचता येत नाही. लखनौत आमचे दहा कुठून जमणार? पण शिकायला दहा लागत नाहीत. एक सांगणारा आणि एक ऐकणारा पुरतो. आमच्या रोजच्या प्रार्थनेचा गाभा म्हणजे शेमा. त्यातच सांगितलं आहे की हे शब्द मुलांना शिकवा, घरी बसलेले असाल तेव्हा, वाटेने जात असाल तेव्हा, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. त्यात देवळाचा उल्लेख नाही, घराचा आहे. तालमूद या गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात बापाची कर्तव्यं मोजताना मुलाला तोरा शिकवणं, धंदा शिकवणं आणि, काही गुरूंच्या मते, पोहायला शिकवणं ही एकाच ओळीने सांगितली आहेत. मला ही यादी फार पटते. तोराची गाठ तिने शोभेच्या गोष्टींशी घातलेली नाही. बुडू नये म्हणून जे यायला हवं, त्याच्याशी घातली आहे.

मी ठाण्याची. माहेर-सासर दोन्ही बेने इस्राएल, आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेली कोकणातली माणसं. वाचकांपैकी पुष्कळांनी आमच्याबद्दल ‘शनवार तेली’ एवढंच ऐकलं असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची मूळकथा. आजी त्यात भर घालायची की पुस्तकं समुद्राने नेली. पुस्तकांशिवाय ही माणसं कित्येक पिढ्या कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिली. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ, सण आणि तोंडात शेमा, एवढी शिल्लक. सणांची नावंसुद्धा मराठीच होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण. दरफाळणी म्हणजे दार लावून घेणं. तो किप्पूरचा, कडकडीत उपासाचा दिवस. सिनेगॉगला आजी शेवटपर्यंत मशीदच म्हणायची.

परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला आणि ही माणसं खरंच आपली आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे मिसळून ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले. त्याला खात्री पटली. मग त्याने तीन घराण्यांतल्या मुलांना शिकवलं आणि त्यांना पुढे काजी म्हणू लागले. रहाबी नेमका कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्टीतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी स्वयंपाकघराने परीक्षा दिली, पोथी नंतर आली.

पोथी खऱ्या अर्थाने आली ती एकोणिसाव्या शतकात आणि ती मराठीतून आली. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण आमच्या लोकांनी त्याच्याकडून अक्षरं घेतली आणि स्वतःचा धर्म स्वतःपाशी ठेवला. कोचीनहून ज्यू शिक्षक आले, त्यांनी प्रार्थनांची शिस्त बसवली. १८४६ मध्ये मुंबईत हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, शिळाछापावर निघाली, हिब्रूबरोबर मराठी अर्थ असलेली. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका पेसाहसाठी बेखमीर मात्सा करताना दिसतात. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. १८८० च्या सुमारास आमच्यात कीर्तनंसुद्धा सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, मराठी वृत्तांत बांधलेली, टाळ-पेटीच्या साथीने. माझ्या आजीला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याचं आख्यान ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, आणि विहिरीपाशी आली की दर वेळी थांबून डोळे पुसायची.

या सगळ्यांत मी ज्याचं नाव मुलांना पाठ करायला लावलं आहे, तो माणूस म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. जन्म १८३४, मृत्यू १९०५. मुंबईतल्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रार्थनापुस्तकं आणि इतर हिब्रू ग्रंथ धरून वीसएक पुस्तकं मराठीत आणली. डाव्या पानावर हिब्रू, उजव्या पानावर मराठी, असं पुस्तक हातात घेऊन सिनेगॉगमध्ये उभं राहणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो आहोत ते पहिल्यांदा कळू लागलं. आमच्या घरात शंभर वर्षं जुनं झालेलं असं एक प्रार्थनापुस्तक आहे. त्याची शिवण माझ्या सासऱ्यांनी दोनदा घातली. त्यातली मराठी जड आहे, संस्कृत शब्दांनी भरलेली आहे, आणि मुलांना ती आधी हिब्रूइतकीच परकी वाटली.

इथे मूळ पद्धतीबद्दल सांगायला हवं. तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत. दर आठवड्याला एक, कधी दोन, असं वर्षभरात एक आवर्तन होतं. सिम्हाथ तोराच्या दिवशी शेवटचं वाक्य वाचलं की लगेच पहिलं वाक्य वाचायला घेतात, मधे श्वासापुरतीही फट ठेवत नाहीत. तालमूदात असं सांगितलं आहे की आठवड्याचा भाग प्रत्येकाने घरी तयार करावा: मूळ पाठ दोनदा आणि तार्गूम एकदा. तार्गूम म्हणजे अरामी भाषेतलं भाषांतर. ज्या काळी सामान्य ज्यूंना हिब्रू कळेनाशी झाली आणि घरात, बाजारात अरामी बोलली जाऊ लागली, त्या काळी सिनेगॉगमध्ये एक जण मूळ वाचायचा आणि दुसरा शेजारी उभा राहून अरामीत सांगायचा. भाषांतराला तेव्हापासून पाठाच्या शेजारी मान आहे. माझ्या घरात आम्ही दोनदा हिब्रू आणि एकदा मराठी वाचतो. राजपूरकरांनी प्रार्थनांसाठी जे केलं, ती आमची तार्गूम असं मी मानते.

तोरासाठी मात्र मराठी पुस्तक म्हणून घरात जे आहे ते बायबल सोसायटीचं, ‘जुना करार’ या नावाचं. नाव आम्ही घेत नाही, कारण आमच्या दृष्टीने तो जुना नाही आणि त्याच्यानंतर नवा आलेला नाही. पण भाषांतर वापरतो. मोशेच्या पाच पुस्तकांना त्यात उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी नावं आहेत. पाचव्या पुस्तकाला ‘अनुवाद’ का म्हटलं असेल याचा मी लहानपणी कधी विचार केला नव्हता. मुलांना शिकवायला बसले तेव्हा कोश उघडला. अनु-वद, मागून म्हणणं, सांगितलेलं पुन्हा सांगणं. त्या पुस्तकात मोशे मरण्याआधी लोकांना सगळं पुन्हा सांगतो, आणि हिब्रूतही त्या पुस्तकाचं एक जुनं नाव ‘मिश्ने तोरा’, म्हणजे तोराची आवृत्ती, असंच आहे. मुलांना शिकवा असं सांगणारा शेमा याच अनुवादात आहे, सहाव्या अध्यायात.

घरात आम्ही हिब्रू शिकवतो आणि मुलं बाहेर हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी. मराठी फक्त माझी, आणि शुक्रवारी संध्याकाळी फोनवर माझ्या आईची. तो फोन ठरलेला. डिसेंबरात लखनौला सव्वापाचलाच सूर्य मावळतो, ठाण्यात सहा वाजून जातात. आमचा दिवा पाऊण तास आधी लागतो. आई विचारते, ‘‘लावतेस ना गं?’’ मी म्हणते, ‘‘लावतेच आहे.’’ मग ती म्हणते, ‘‘माझ्याकडे अजून ऊन आहे.’’ दिवा लागल्यावर फोन घेत नाही, म्हणून हे बोलणं दिव्याच्या आधीच्या पाच मिनिटांत उरकावं लागतं. धाकटीने त्या पाच मिनिटांत आजीला आठवड्याच्या भागातली एक गोष्ट मराठीत सांगायची, असा माझा दंडक आहे. ‘‘नोहाने कबुतर पाठवला’’ असं ती सांगते. आजी म्हणते, ‘‘पाठवलं. कबुतर ते.’’ तिकडे नोहा थांबतो आणि नपुंसकलिंग शिकवलं जातं. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, म्हणून मराठी धडाधड वाचतात, पण अर्थ निसटून जातो. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण असं समजून थोरल्याने इजिप्तच्या राजाला देवाने दहा वेळा शिकवलं, असं एकदा मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं.

उच्चारांत मात्र लखनौने मला अनपेक्षित हात दिला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी मुलं त्यांना खाला म्हणतात. दुपारी चार ते सहा त्यांच्या ओसरीवर वस्तीतली मुलं कुराण आणि उर्दू शिकायला येतात. थोरल्याला हिब्रूतला खाफ आणि हेथ शिकवताना मी थकून गेले होते, कारण माझं स्वतःचं तोंड कोकणी-मराठी. ठाण्यात आम्ही सगळे साधा ‘ख’ म्हणूनच भागवतो. एक दिवस त्यांच्या ओसरीवर बसून तो वही पुरी करत होता. अलेफ, बेथ, गिमेल, दालेथ अशी बावीस अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे. हिब्रूत अक्षरं हेच अंक असतात. अलेफ १, बेथ २, योद १०, खाफ २०, लामेद ३०, असं करत तावपर्यंत ४००. खालांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अरे बेटा, ये तो हमारा अबजद है!’’ आणि डोळे मिटून म्हणू लागल्या: अबजद, हव्वज़, हुत्ती, कलमन, सअफ़स, क़रशत. मी दारात उभी होते. बोटांवर मोजलं. चार, तीन, तीन, चार, चार, चार. बावीस. तोच क्रम, त्याच किमती. उर्दू-अरबी वर्णमाला आज वेगळ्या क्रमाने शिकवतात, पण मोजण्याचा हा जुना क्रम तसाच राहिला आहे. अरबीतली जास्तीची सहा अक्षरं त्याच्यापुढे दोन शब्दांत जोडलेली आहेत. रिक्षांवर दिसणारा ७८६ हा आकडा याच हिशेबाने निघतो, आणि लखनौचे शायर कुणाच्या जन्ममृत्यूचं साल एका मिसऱ्यात गुंफायचे तेही याच हिशेबाने. आमच्याकडे पंधरा लिहिताना योद आणि हे, म्हणजे १० आणि ५, अशी जोडी लावत नाहीत. ती ईश्वराच्या नावाची अक्षरं होतात. म्हणून ९ आणि ६ लावतात. हे सांगितल्यावर खालांनी मान हलवली. नावाचा अदब त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

मग त्यांनी थोरल्याला त्याचे दोन शब्द विचारले. लाम तीस, काफ बीस. पन्नास. पुन्हा पन्नास. ‘‘सौ हुए,’’ त्या म्हणाल्या. चौदाव्या शतकातल्या याकोव बेन आशेर या भाष्यकाराने नेमका हाच हिशेब केला आहे: ‘लेख लेखा’चे शंभर, आणि अब्राहामाला मुलगा झाला तेव्हा तो शंभर वर्षांचा होता. हे मी मुलाला पुढच्या आठवड्यात सांगणार होते. आलमबागच्या ओसरीवर ते आधीच निघालं. आता तो रोज अर्धा तास खालांकडे घशातून ख़ काढायला शिकतो.

खालांचं माहेर मलिहाबादचं, दशहरी आंब्यांच्या गावचं. तिथल्या आफ्रिदी पठाणांपैकी काही घराण्यांत आपण मूळचे बनी इस्राईल असल्याची आठवण सांगतात. लखनौचेच इतिहासअभ्यासक नवरस जाट आफ्रिदी यांनी या परंपरेवर काम केलं आहे. रक्ताच्या तपासणीतून काय सिद्ध होतं त्यात मी शिरत नाही. खालांनी एकदा सहज म्हटलं, ‘‘हमारे यहाँ भी बुज़ुर्ग कहते थे.’’ तेवढ्यावरच विषय संपला. मला त्या वेळी आमच्या माशांची गोष्ट आठवली. पूर्वज कोण होते ही आठवण फार मोठी असते, पण मुलाच्या हातात काहीतरी करायला, म्हणायला, निवडायला दिलं नाही तर दोन पिढ्यांत तिची फक्त गोष्ट उरते.

म्हणून लेवीयचा अकरावा अध्याय मी मासळीबाजारात शिकवते. रोहू चालतो, त्याला खवले आहेत. मांगूर आणि सिंघी चालत नाहीत, त्यांचं अंग गुळगुळीत. धाकटी विक्रेत्याला बोट दाखवून विचारते, ‘‘भैया, इसके छिलके हैं?’’ तो हसतो, खवला नखाने उचलून दाखवतो.

धाकटी आठ वर्षांची, आणि घरातली खरी विद्यार्थिनी तीच. ती गाणं शिकते. लखनौत गाणं शिकणाऱ्या मुलीच्या वहीत भातखंडे लिपी असणारच. विष्णु नारायण भातखंडे हा मुंबईचा मराठी माणूस, त्याने घराण्यांच्या तोंडी असलेल्या चिजा गोळा करून लिहिल्या, आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं ते त्याच्याच प्रयत्नाने. आज ते त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्याच्या लिपीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू देतात, तार सप्तकाच्या स्वरावर. छापील हिब्रू तोरा पाहिली तर तिच्याही अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा दिसतात. काही खुणा स्वरांच्या. काही खुणा चालीच्या, त्यांना तेआमीम म्हणतात. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचा, कुठले शब्द एका श्वासात घ्यायचे, हे त्या सांगतात. सातव्या ते दहाव्या शतकात तिबेरिया इथल्या पंडितांनी त्या बसवल्या, कारण पाठ तोंडी होता आणि माणसं विखुरली होती. भातखंड्यांनाही तीच भीती होती, उस्ताद गेला की चीज गेली. मी हे धाकटीला सांगितलं, तर तिने भावाच्या पुस्तकातल्या खुणा आपल्या पद्धतीने सारेगममध्ये लिहून काढल्या. रविवारी, शनिवारी नव्हे. ठाण्यातून माझ्या भावाने पाठवलेल्या ध्वनिमुद्रणाशी ते ताडून पाहिलं. दोन जागा सोडल्या तर बरोबर होतं.

‘‘मग ठाण्याला मी पण वाचणार?’’ तिने विचारलं. आमच्या सिनेगॉगच्या रिवाजात मुली गुंडाळीतून सर्वांसमोर वाचत नाहीत. मी तिला खरं ते सांगितलं. ती गप्प झाली, आणि मला वाईट वाटलं; अजून वाटतं. पण शिकण्याला मुलींना आमच्यात बंदी नव्हती आणि नाही. रिबेका रूबेन १९२२ पासून केहिमकरांच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अठ्ठावीस वर्षं. मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. मलाही हिब्रू शिकवली ती आईने. तिला शिकवली तिच्या वडिलांनी, आणि तीही गोदीतून दमून आल्यावर, पत्र्याच्या पेटीवर पुस्तक ठेवून.

आईने शिकवलेलं सगळंच अचूक होतं असं नाही. हिब्रूत कामेत्स नावाचं स्वरचिन्ह आहे, ते बहुतेक ठिकाणी ‘आ’ आणि काही ठिकाणी ‘ओ’ वाचतात. एकाच स्पेलिंगचा शब्द ‘हाखमा’ वाचला तर ‘ती शहाणी झाली’ आणि ‘होखमा’ वाचला तर ‘शहाणपण’. मी वर्षभर थोरल्याकडून अशा जागा चुकीच्या घोटून घेतल्या. ठाण्यात एका वृद्ध हजानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, त्याला जवळ बसवून ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही, आणि शेवटी मला म्हणाले, ‘‘बाई, पोराची तयारी पक्की आहे. म्हणून आता सोडवायला वेळ लागेल.’’ त्यानंतर आठ महिने गेले ते घोटलेलं सोडवण्यात. घरी शिकवण्याचा हा खरा धोका आहे आणि जे कुणी घरी शिकवत असतील, मग ते अथर्वशीर्ष असो, कुराण असो की गुरुबानी, त्यांना मी हेच सांगेन की वर्षातून दोनदा तरी जाणत्या माणसाच्या कानावर मुलाचा आवाज घाला. आपल्या चुकीचं वय आपल्यापेक्षा जास्त असतं.

दुसरा धोका पाठांतराचाच. पिर्के आवोथ या गुरुवचनांच्या संग्रहात वयं सांगितली आहेत: पाचव्या वर्षी मूळ पाठ, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी आज्ञापालन, पंधराव्या वर्षी तालमूद. क्रम सरळ आहे. पण पाचव्या वर्षी पाठ केलेलं मूल दहाव्या वर्षी प्रश्न विचारू लागलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही जमत नाही. तालमूदाचं छापील पान या मुलांना मी दाखवलं आहे. मधोमध मूळ चर्चा, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवांच्या पिढीने त्याच्याशी घातलेला वाद. आजोबांना नातवाने विचारलेले प्रश्न त्याच पानावर, तितक्याच मानाने छापलेले. थोरला म्हणाला, ‘‘मतलब झगड़ा भी छापते हैं?’’ हो, छापतात.

आणि पेसाह तर सगळा प्रश्नांचाच सण. आजीच्या तोंडी त्याचं जुनं नाव अनाशी ढाकायचा सण. मात्साचे डबे मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने कुणीतरी घेऊन येतं. पीठ भिजवल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये, म्हणून ते मी घरी करण्याचं धाडस करत नाही. खजुराचं हरोसेथ मी करते. सगळं मांडून झालं की घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचं, ही रात्र वेगळी का? त्याच्या प्रश्नाशिवाय गोष्ट सुरूच करायची नाही. हग्गादात चार मुलगे सांगितले आहेत: शहाणा, उद्धट, साधा, आणि ज्याला प्रश्न विचारताच येत नाही तो. चौथ्यासाठी सांगितलं आहे की तूच त्याच्यासाठी सुरुवात कर. त्या जागी ‘तू’ला वापरलेलं हिब्रू सर्वनाम स्त्रीलिंगी आहे. भाष्यकारांनी त्याचे अनेक अर्थ लावले आहेत. मी ते वाचते तेव्हा मला माझी आजी दिसते, विहिरीपाशी थांबलेली, आणि आम्ही पोरं तिला विचारतो आहोत, पुढे काय झालं?

थोरला सध्या चौथ्या मुलाच्या वळणावर आहे. बारा वर्षांच्या मुलाचं असतं तसं. विचारलं तर उत्तर देतो, आपणहून काही विचारत नाही. शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहावं लागतं, त्याबद्दलही तो काही बोलला नाही, नुसतं लिहून टाकलं. म्हणून एका शनिवारी जे झालं ते मला नोंदवून ठेवावंसं वाटतं.

आम्ही दोनदा हिब्रू वाचली होती. अब्रामाला, म्हणजे पुढच्या अब्राहामाला, देव सांगतो की देश, नातलग, बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशाला जा. मराठी वाचायला घेतली, तर तो मधेच थांबला. हिब्रूत दोन शब्द आहेत, एक ‘जा’ आणि दुसरा ‘तुला’ किंवा ‘तुझ्यासाठी’. ‘‘जा म्हटलं की झालं. तो दुसरा शब्द कशाला?’’ राशीनेही हाच प्रश्न घेतला आहे आणि उत्तर दिलं आहे की तुझ्या भल्यासाठी, तुझ्या हितासाठी जा. मी ते सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. हिंदीत त्याने करून पाहिलं, बसेना. इंग्रजीतही बसेना. मी चहा ठेवला होता, शुक्रवारपासून गरम ठेवलेला, तो ओतत होते आणि मनात ठाण्याचं घर होतं. बदलीचा कागद आला तेव्हा मी आईपाशी रडत बसले होते, की तुला एकटीला टाकून इतक्या लांब कशी जाऊ. ती भांडी घासता घासता म्हणाली होती, ‘‘माझं मी बघीन. तू आपली जा.’’

‘‘तू आपला जा,’’ मी थोरल्याला म्हटलं.

त्याने मान वर केली. ‘‘आपला म्हणजे?’’

त्यावर आम्ही दुपारपर्यंत बोलत होतो. ‘तू जा’ आणि ‘तू आपला जा’ यांत काय फरक. पहिल्यात पाठवणं आहे. दुसऱ्यात पाठवणाऱ्याने आपला हात सोडवून घेतला आहे, मागचं ओझं आपल्याकडे ठेवून घेतलं आहे आणि जाणं जाणाऱ्याचं करून दिलं आहे. हिब्रूतला तो ‘लेखा’ असंच काही करत असेल का? मला वाटतं, असेल. व्याकरणाच्या पंडितांना विचारावं लागेल, आणि दिवाळीला ठाण्यात विचारणार आहोत. पण लखनौत वाढलेल्या माझ्या मुलाच्या मोडक्या मराठीला त्या दिवशी एक शब्द असा सापडला, जो त्याच्या इतर दोन भाषांकडे नव्हता.

रविवारी त्याने वही उघडली. डावीकडे हिब्रू होतीच. उजवीकडे छापील भाषांतरातून उतरवून घेतलेलं वाक्य त्याने एक रेघ मारून खोडलं आणि वर बारीक अक्षरात आपलं लिहिलं. मग वही काखेत घेऊन खालांच्या ओसरीवर गेला. मी खिडकीतून ऐकत होते. चाल लागली, दोन्ही शब्द आले, आणि खालांचा आवाज आला, ‘‘ख़े हलक़ से, बेटा. फिर से.’’

त्याने पुन्हा सुरुवात केली.